पाटावरची चौकी आणि पंचवीस सह्या

आधी घटनाक्रम, मग जबाबदार व्यक्ती, आणि त्यानंतर तपशील. तालुक्याच्या न्यायालयात बत्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला लिहिण्याची दुसरी रीत ठाऊक नाही.

मार्च १९९७ : पाटावरची जुनी दगडी चौकी पाडून तिचा दगड आणि सागवान लिलावात काढण्याची नोटीस चौकीच्याच दाराला डकवण्यात आली. जबाबदार : पाटाचे शाखा कार्यालय.

एप्रिल १९९८ : सदर चौकी पाहण्यासाठी मी काढलेला दौरा पाण्यात बुडाला. जबाबदार : वरील कार्यालय, ट्रॅक्टरचे मालक असलेले आमचे माजी सरपंच, आणि एकोणीस फावडी.

१९९९ ते २००३ : दरवर्षी एक दौरा जाहीर, दरवर्षी उपस्थिती नगण्य. जबाबदार : संपूर्ण गाव. माझी पत्नी यातून वगळावी की नाही, याबाबतचा निर्णय मी राखून ठेवला आहे.

जानेवारी २००५ : चौकी दुरुस्त करण्यासाठी आलेल्या गवंड्याला जेवू घालून, टॉवेल-टोपी देऊन परत पाठवण्यात आले. जबाबदार : कोणीही कबूल झालेले नाही. म्हणून हे लिहिणे आले.

गावाचे नाव मी देत नाही. निमगाव सावा आणि बोरी बुद्रुक यांच्या आसपासचे एक गाव, एवढे पुरे. नाव दिले तर माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा होईल, आणि तो मी हरेन. कारण साक्षीदार सगळे त्यांचे असतील.

चौकी म्हणजे काय, हे परगावच्या वाचकाला सांगितले पाहिजे. आमच्या शिवारातून एक जुना पाट जातो. मोठी धरणे पुष्कळ नंतर झाली. हा पाट त्यांच्याही आधीचा, इंग्रजी अमदानीतला. पुढे त्याला नव्या कालव्याचे पाणी जोडले गेले. पाटाच्या काठी काळ्या दगडाची, तीन कमानींची, मंगलोरी कौलांची एक बसकी इमारत आहे. पाटाचे पाणी मोजणारा आणि वाटणारा पाटकरी पूर्वी तिथे राहत असे. दारापासून पाटात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीशेजारच्या दगडावर पाणी मोजायच्या खुणा कोरलेल्या आहेत. आतल्या भिंतीवर काळ्या अक्षरांत नियम लिहिले होते : विनापरवाना पाणी घेऊ नये, पाटात जनावरे धुऊ नयेत, उल्लंघन करणारा शिक्षेस पात्र राहील. मी अक्षरे लावायला शिकलो ती त्या भिंतीवर. इतर मुले ‘कमळ बघ’ वाचत असताना मी ‘शिक्षेस पात्र’ वाचत होतो. माझ्या स्वभावाचे ज्यांना आश्चर्य वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नोटीस पाहताच मी हरकत नोंदवली. साडेतीन पाने, तीन प्रतींत, पोहोच घेऊन. उत्तर यायला दहा महिने लागले. इमारत जुनी व जतन करण्याजोगी असल्याबाबत किमान पंचवीस स्थानिक नागरिकांनी ती समक्ष पाहून, जागेवर केलेला पंचनामा सादर करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल, असे त्यात होते. पुढील कार्यवाही म्हणजे पहार.

आता गावातल्या प्रत्येक माणसाने ती चौकी हजार वेळा पाहिली होती. म्हशी चारताना पाहिली होती, पत्ते खेळताना आतून पाहिली होती. परंतु एकाच वेळी, पंच म्हणून, सहीच्या तयारीने कोणीही पाहिली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ती कोणी पाहिलेलीच नव्हती. मी दौरा काढायचे ठरवले.

दिवस निवडला तो चैत्रातल्या गावच्या यात्रेनंतरचा चौथा. त्याला कारणे होती. गहू-हरभरा निघालेला असतो, पुण्यामुंबईची मंडळी अजून परतलेली नसतात, आणि तमाशा पाहून माणसे जराशी सुसंस्कृत झालेली असतात. देवळाच्या फळ्यावर मी स्वहस्ते लिहिले : ‘प्राचीन वास्तू व जुना पाट पाहणी दौरा. बारव, दगडी मोरी, चौकी. नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ ट्रॅक्टर आणि ट्रॉली माजी सरपंचांनी विनामोबदला दिली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. विनामोबदला त्यांनी यापूर्वी फक्त सल्ला दिला होता.

सकाळी सात वाजता ट्रॉलीत एकतीस माणसे होती. माझा ऊर भरून आला. मग मला फावडी दिसली.

“ही फावडी कशाला?” मी विचारले.

“असू द्या की नाना, लागत्यात,” माजी सरपंच म्हणाले.

“इमारत पाहायला फावडे लागत नाही.”

“साप-बिप निघाला तर काय करायचं, राव?”

मी मोजली. एकोणीस फावडी होती. एवढे साप आमच्या पंचक्रोशीत नव्हते. पण समोर एकतीस सह्या बसलेल्या पाहून मी गप्प राहिलो, आणि ही माझी पहिली चूक.

पत्नीने सगळ्यांसाठी भाकरी आणि मोठे पातेलेभर पिठले घेतले होते. बाजारपेठेतले किराणा दुकानदार शेठ छत्री आणि चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन आले होते. त्यांचे घराणे मारवाडातले, पण तीन पिढ्या इथेच काढलेल्या. ते स्वतः तिकडे एकदाही गेलेले नाहीत. त्यांच्याजवळ फावडे नव्हते. वास्तू पाहण्यासाठी म्हणून वास्तू पाहायला आलेला त्या ट्रॉलीतला तो एकमेव इसम.

पहिला मुक्काम बारवेवर. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आमची चौकोनी आहे, तीन बाजूंनी देवळ्या म्हणजे दगडी कोनाडे, एका बाजूने पायऱ्या. मी पायरीवर उभा राहून दगडाची घडण, चुन्याचा वापर आणि पांथस्थांची सोय यांवर दहा मिनिटे बोललो. शेवटी विचारले, “कोणाला काही शंका?”

मागून एक हात वर झाला. “पाणी किती हाये?”

“तो प्रश्न गैरलागू आहे.”

“मोटर किती हार्सपावरची बसंल?”

तोवर दोघांनी दगड सोडून खोली अजमावली होती आणि माजी सरपंच देवळीत तोंड घालून स्वतःचाच आवाज ऐकत होते. “नाना, ह्यात बोललं की लई भारी घुमतंय. तुमी ह्यात भाषान करायला पायजे व्हतं.”

दुसरा मुक्काम दगडी मोरीवर. ओढ्यावरून पाट पलीकडे नेणारा हा तीन गाळ्यांचा पूल. शेठ कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर पाहत होते. “नाना,” ते म्हणाले, “मधला दगड बघा. त्यानंच बाकीच्यांना धरलंय. एक निघाला तर सगळे येतील खाली.” मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. बाकीची मंडळी मोरीच्या कोरड्या तळात उतरून फावड्यांनी गाळ काढत होती.

“हे काय चालवले आहे?”

“साफसफाई, नाना. वारसा सोच्छ नगं का?”

असे उत्तर ऐकल्यावर कोणता जबाबदार नागरिक आक्षेप घेईल? मी घेतला नाही. ही माझी दुसरी चूक.

तिसरा मुक्काम चौकी. रस्त्याकडची बाजू वेड्या बाभळीने पूर्ण गिळलेली. दार पाटाच्या बाजूला. पाट महिनाभर कोरडा. तेव्हा आम्ही सगळेच पाटात उतरलो आणि चौकीच्या पायऱ्यांसमोर, तळातल्या वाळलेल्या गाळावर उभे राहिलो. पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. सात पानांचा होता. मी वाचायला सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर पाटाच्या भरावावरून कार्यालयाची जीप आली. थबकली. आतल्या माणसाने एकतीस माणसे, एकोणीस फावडी, एक ट्रॉली आणि हातात कागद घेऊन मोठ्याने वाचणारा एक संतप्त म्हातारा पाहिला. जीप एकदम वेगाने वरच्या अंगाला निघून गेली.

माजी सरपंच शेजारच्याला म्हणाले, “झालं काम.”

“काय झाले?” मी विचारले.

“काय न्हाई, वाचा तुमी. लई ग्वाड वाचताय.”

पुढे काय होणार हे ट्रॉलीतल्या प्रत्येकाला माहीत होते. मला आणि शेठना सोडून. आमच्या भागात ट्रॉली भरून माणसे पाटावर जातात ती एकाच कामासाठी : पाणी मागायला. त्याला मोर्चा म्हणतात. मोर्चा पाहून साहेब घाबरतो आणि आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सोडतो, अशी गावाची ठाम समजूत. फळ्यावरचे माझे ‘प्राचीन वास्तू’ वगैरे त्यांनी वाचले होते, पण तो त्यांना कायद्याचा डाव वाटला. नानांनी कोर्टाच्या भाषेत मोर्चा काढलाय, सरळ बोलले तर गुन्हा दाखल होईल, म्हणून तसे लिहिलेय. आणि फावडी होती ती पाणी आल्यावर बांध फोडून वाफ्यात घ्यायला.

चौथ्या पानावर, ‘उत्तरेकडील भिंत सुस्थितीत असून’ या शब्दांशी, आधी आवाज आला. मग वाळला पाला, बाटल्या, एक चप्पल, आणि त्यामागून तपकिरी पाण्याची जीभ.

“आलं रं आलं!”

एवढी वर्षे न्यायालयात काढून मी असे पंच पाहिले नव्हते. एकतीस माणसांपैकी एकही पाण्यापासून पळाला नाही. शेठ सोडून सगळे पाण्याबरोबर पळाले. आपापल्या वाफ्याकडे, फावडी खांद्यावर घेऊन, नाचत. ज्यांची यात्रेतल्या नाचण्याने कंबर धरली होती तेही पळाले. माजी सरपंच ट्रॅक्टरवर उडी मारून बसले आणि ट्रॉलीसकट शेताकडे गेले. आम्ही परत कसे जाणार, हा प्रश्न त्यांना शिवलाही नाही.

मी वाचत राहिलो. वाचन अर्धवट सोडल्यास पंचनामा रद्दबातल ठरतो. पाणी घोट्याला लागले, पोटरीला लागले. काठावर चढलेली पत्नी ओरडली, “अहो, वर या! पंचनामा बुडायचा राहिलाय, की तुम्ही बुडायचे राहिलात?”

“पाचवे पान आहे!”

“पाचवं पान वर येऊन वाचा! मासे काही सह्या करणार नाहीत!”

शेठनी छत्रीची मूठ माझ्या कॉलरमध्ये अडकवून मला पायरीवर ओढले. कागद ओले झाले, पण वाचता येत होते. खालच्या पायरीवर ठेवलेले पिठल्याचे पातेले वाहून गेले. ते चार दिवसांनी खालच्या मोरीत सापडले. पिठले सापडले नाही.

सह्या झाल्या दोन. एक शेठची. दुसरी पत्नीची, जी मी स्वतः नामंजूर केली. ती हितसंबंधी साक्षीदार ठरते. याचे परिणाम मी पुढचे तीन दिवस भाजीत मीठ नसताना भोगले.

पुढच्या सोमवारी मारुतीच्या देवळापुढे माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि माजी सरपंचांचे भाषण. “आमी इतकी वर्सं घोसना दिल्या, काय उपेग झाला न्हाई. नानांनी निस्ता कागद वाचला आन् पाणी आलं! वाचनाची ताकद ही अशी असती.” टाळ्या. मी उठून सांगितले की माझा पाण्याशी संबंध नाही, माझी मागणी चौकीच्या जतनाची आहे, आणि मला अजून चोवीस सह्या कमी आहेत. याही वाक्याला टाळ्या पडल्या. विनय म्हणून.

मग कार्यालयाचे पत्र आले. ‘लोकभावना विचारात घेऊन आपली मागणी पूर्ण करण्यात आली आहे. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ मी चौकशी केली. चौकी पाडण्याचे प्रकरण आणि चौकी वाचवण्याचे प्रकरण एकाच दप्तरात बांधलेले होते, आणि निकाली काढणाऱ्याने ते गाठोडेच निकाली काढले होते. म्हणजे चौकी पाडायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. पावसाळे जातील तसतशी ती आपली आपण पडू शकते, त्याला परवानगी लागत नाही.

मी स्वस्थ बसणारा नव्हतो. पंचवीस सह्या मिळवून प्रकरण पुन्हा उघडायचे होते. १९९९ च्या चैत्रात मी दुसरा दौरा जाहीर केला, यात्रेनंतरचा चौथा दिवस, आणि कार्यालयाला रीतसर पूर्वसूचना दिली. तिसऱ्या दिवशी पाणी आले. चौथ्या दिवशी ट्रॉलीत मी, पत्नी आणि शेठ. उरलेला गाव वाफ्यात उभा राहून पाणी देत होता. लांबून हात हलवत होते. २००० साली तेच. २००१ साली तेच. दौरा जाहीर झाला की पाणी येई, आणि पाणी आले की दौऱ्याला कोणी येईना. कोणी यायलाही तयार असता तरी पायऱ्यांपर्यंत जाणार कसा? त्या तर पाण्याखाली.

गावाला मात्र यात कसलीच अडचण दिसत नव्हती. होळी झाली की माणसे माझ्या ओट्यावर यायला लागत.

“नाना, औंदा अर्ज टाकला का न्हाई?”

“तो चौकीबाबतचा अर्ज आहे.”

“व्हय व्हय, चौकीबाबतचाच.” आणि डोळा मारीत.

“पाण्याशी त्याचा संबंध नाही!”

“आमी कुटं म्हनतोय? जरा दमात लिवा फकस्त. गेल्या साली पाच दिसांत बंद झालं. ‘तीव्र’ घाला एकदोनदा.”

बोरी बुद्रुकहून एक शिष्टमंडळ आले. लोणीहून माझे मेहुणे आले. आंबेगाव तालुक्याच्या त्या पूर्व अंगाला पाण्याची कायमची ओढ. दोन दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी चहा पिताना घसा खाकरला.

“दाजी, आमच्याकडं बी एखादी जुनी इमारत बघा की.”

“तुमच्याकडे पाटच नाही. इमारत पाहून काय करणार?”

“तुमी पत्र तर लिवा. पाट मागनं यील.”

पत्नी पदर तोंडाला लावून आत गेली. भावाच्या बाजूने की माझ्या, हे त्या हसण्यावरून ठरवता येत नव्हते.

२००४ साली माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि मी अर्ज करू शकलो नाही. पाणी तरीही आले. मला वाटले, सुटलो. आता तरी यांना कळेल. माजी सरपंच सत्कारासाठी शाल घेऊन दारात हजर. “नाना, गेल्या सालच्या अर्जाचं शिल्लक व्हतं.”

त्याच वर्षाच्या शेवटी कार्यालयात नवे अभियंता आले. तरुण, चष्मा, गळ्यात कॅमेरा. स्वतः घरी आले. “काका, तुमची सगळी पत्रं फाईलमध्ये वाचली,” ते म्हणाले. “दोन दिवस लागले. त्यातलं ‘पाषाणहृदयी प्रशासन’ मी आईला वाचून दाखवलं.” मग आम्ही दोघे चौकीवर गेलो. बाभळीतून वाट काढत, शर्ट फाडून घेत. ते गृहस्थ पाणी मोजायच्या खुणांवर हात फिरवत उकिडवे बसून राहिले. दक्षिणेकडच्या भिंतीला पोट सुटले होते. त्यांनी कमान खालून पाहिली आणि शेठ मोरीवर जे बोलले होते तेच बोलले : एक दगड सुटला की सगळे येईल. “सह्या-बिह्या राहू द्या,” ते म्हणाले. “दुरुस्तीच्या कामातून मी करून घेतो. मार्चअखेरपर्यंत.”

परत येताना मी त्यांना विचारले, कारण न विचारणे अप्रामाणिकपणाचे झाले असते : माझ्या पत्रांना घाबरून कार्यालय पाणी सोडते काय?

ते थांबले. “काका, उन्हाळी आवर्तन यात्रेनंतरच असतं. लोक यात्रा करून मोकळे झाले की सोडायचं, ही इथली जुनी पद्धत आहे. तुम्ही नेमका तोच दिवस धरत होता.”

“आणि अठ्ठ्याण्णव सालची जीप?”

“गेट उघडायला चालली असेल.”

सहा वर्षे मी कंठशोष करून गावाला सांगत होतो की माझ्या पत्रांचा पाण्याशी काहीएक संबंध नाही. ते खरे निघाले आणि मला राग आला. हा राग कोणावर, हे मी त्या दिवसापासून शोधतो आहे. घरी येऊन पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “मला माहीत होतं.” कधीपासून, हे तिने सांगितले नाही. पण त्या शाली तिने कपाटात नीट घड्या घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्या आहेत, हे मी पाहिले आहे.

जानेवारीत मी डोळे दाखवायला पुण्याला गेलो आणि दोन दिवस लेकीकडे राहिलो. त्याच दोन दिवसांत गवंडी आला. बरोबर दोन माणसे, चुना, वाळू, बांबू. बाभळी तोडायला सुरुवातही केली. मी परत आलो तेव्हा चौकीपाशी अर्धी बाभूळ, वाळूचा ढीग आणि त्यावर बसलेली शेळी, एवढेच होते.

शेठच्या दुकानाच्या पायरीवर मी माजी सरपंचांना गाठले.

“गवंड्याला परत कोणी पाठवले?”

“कोन गवंडी?”

“ज्याला तुमच्या घरी मासवडी जेवू घातली तो.”

“त्यो व्हय! पावणा म्हनून आला व्हता. पावण्याला उपाशी धाडायचं का? दोनदा रस्सा घेतला बगा त्यानं.”

“त्याला काय सांगितले?”

ते जरा वेळ मिशी चोळत राहिले. मग एकदम आवाज खाली आणून, जसे काही मीच त्यांच्या बाजूचा आहे, म्हणाले, “नाना, इचार करा. चौकी नीट झाली मंजी तुमी गप बसनार. तुमी गप बसलं मंजी पाणी गप बसलं. पडू द्या की थोडी थोडी. एकदम न्हाई. वर्साला चार-दोन दगड. तुमच्या अर्जापुरती ऱ्हायली मंजी झालं.”

“पाणी माझ्या अर्जाने येत नाही! अभियंत्यांनी स्वतः सांगितले!”

“त्यो तसंच सांगनार. घाबरल्यालं कोन कबूल करतंय?”

शेठ तराजूत साखर घालत होते. हात थांबवून म्हणाले, “भाऊ, पण चौकी पडली सगळी, तर मग अर्ज कशाचा?”

माजी सरपंचांनी यावर विचार केलेला नव्हता. हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले, आणि मी कबूल करतो की तेवढ्यापुरते मला फार बरे वाटले. ते म्हणाले, “बगू,” आणि उठून गेले.

मी ताबडतोब दुचाकीवरून कोणाला तरी पाठवून गवंड्याचा ठाव घेतला. त्याचा निरोप आला : मी येतो, पण गावातल्यांनी बोलावले पाहिजे, जिथे मासवडी खाल्ली त्यांच्या मर्जीविरुद्ध मी थापी धरणार नाही. अभियंत्यांनीही कळवले की मंजुरी मार्चअखेरपर्यंत आहे, कामाला हरकत नसल्याचे गावकऱ्यांच्या पंचवीस सह्यांचे पत्र मिळाले तर ते पुढे रेटतील. नाही तर मंजुरी परत जाईल, आणि पावसाळ्यात ती दक्षिणेची भिंत काय करील हे सांगायला अभियंता लागत नाही.

सह्यांचा कागद सध्या शेठच्या दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. शेठची सही झाली. पत्नीची झाली, आणि यावेळी मी ती ग्राह्य धरली आहे. माझी झाली. मारुतीच्या पुजाऱ्याने केली, पण ती वाचता येत नाही. बाकीची गिऱ्हाइके कागद वाचतात, माझ्याकडे पाहतात, आणि विचारतात की औंदाचा अर्ज टाकला का.

तेव्हा मी हे जाहीरपणे विचारतो. बंद खोलीत नाही, ओट्यावर नाही, डोळा मारून नाही. येत्या ग्रामसभेत, देवळापुढच्या ध्वनिक्षेपकावर, माजी सरपंचांनी उभे राहून पुढील दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिला : चौकी दुरुस्त व्हावी, अशी या गावाची इच्छा आहे की नाही? दुसरा : असल्यास गवंड्याला बोलावून आणायला उद्या सकाळी कोण जाणार, आणि कोणत्या वाहनाने? उत्तर मार्च संपण्यापूर्वी मिळाले पाहिजे, इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे, आणि ‘बगू’ हे उत्तर म्हणून धरले जाणार नाही.